कक्ष क्रमांक सात : एका हत्येची उलटी मोजणी

शेवट नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. शुक्रवार, १३ ऑगस्ट २००४. दुपारी तीनच्या सुमारास सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात, कक्ष क्रमांक सातमध्ये, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या आरोपीला जमावाने ठार केलं. आरोपीचं नाव भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव, वय ३२. जमावात बहुसंख्य बायका, अंदाजे दोनशे. अंगावर सत्तरहून अधिक वार. लागलेला वेळ, सुमारे पंधरा मिनिटं.

शहराच्या महाल भागातल्या एखाद्या पानठेल्यावर आजही हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, बायकांनी बरोबर केलं. दुसरा म्हणतो, कोर्टात माणूस मारला तर कोर्ट कशाला ठेवायचं? दोघेही त्या पंधरा मिनिटांबद्दलच बोलत असतात. त्याआधीची वर्षं, आठवडे आणि तास इथे क्रमाने मांडले आहेत. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच आहे. या घडीला एखाद्या नागरिकाने दुसऱ्याला वाचवण्यासाठी हत्यार उचललं असतं आणि हल्लेखोर मेला असता, तर कायद्याने काय म्हटलं असतं?

तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. तिच्या कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला होता. कलम ९७ प्रमाणे हा हक्क स्वतःपुरता नाही. शेजारणीसाठी, अनोळखी माणसासाठीही तो वापरता येतो. कलम १०० प्रमाणे समोरून मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची किंवा अपहरणाची वाजवी भीती असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. कलम १०२ वेळ ठरवतं : धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो आणि भीती असेपर्यंतच टिकतो. कलम ९९ त्याला कुंपण घालतं : पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचाही नाही.

दहा वर्षांहून अधिक काळ आधी

उत्तर नागपुरात जरीपटक्याजवळ कस्तुरबानगर. बहुतांश दलित कुटुंबांची, मजुरी आणि छोट्यामोठ्या कामांवर जगणारी वस्ती. अक्कू यादव इथेच वाढला. १९९० च्या दशकात त्याची टोळी जमली. खंडणी, मारहाण, घरात घुसणं, घर रिकामं करायला लावणं.

वस्तीने पुढे सांगितलेली यादी लांब आहे. चाळीसहून अधिक बायका आणि मुलींवर बलात्कार. किमान तीन खून. या आरोपांवर न्यायालयाचा निकाल कधीच लागला नाही, कारण निकालाआधीच आरोपी मेला.

दार फोडून तो आत यायचा, तेव्हा घरात नवरा असायचा, सासू असायची, पोरं असायची. त्या क्षणी त्यांच्यापैकी कुणी सुरी उचलली असती, तर कलम १०० शब्दशः लागू झालं असतं. शेजाऱ्यानेही उचलली असती, तरी लागू झालं असतं. पोलीस तिथे नव्हते, धोका डोळ्यांसमोर होता, भीती खरी होती. कायद्याने बचावाचा पूर्ण हक्क दिलेले हे क्षण या वस्तीत वर्षानुवर्षं येत राहिले.

हत्यार कुणी उचललं नाही. सोबत टोळी असायची. एकाने प्रतिकार केला तर दुसऱ्या दिवशी त्या घरावर काय येईल, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

१९९९ अखेर

प्रतिबंधक कायद्याखाली अक्कू यादवला वर्षभर स्थानबद्ध केलं गेलं. एकूण अटकांची संख्या चौदाच्या आसपास सांगितली जाते. प्रत्येक वेळी तो परत आला.

तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या बायकांना काय अनुभव आला, ते त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितलं. एका तरुणीला पोलिसांनी तिच्याच चारित्र्याबद्दल विचारलं. तक्रार कुणी केली, हे अक्कूपर्यंत पोचायचं. पोलिसांना पैसे आणि दारू पुरवली जाते, असं वस्ती उघड बोलायची. काही कुटुंबांनी घर सोडलं.

कलम ९९ म्हणतं, वेळ असेल तर पोलिसांकडे जा. कस्तुरबानगरच्या बायका गेल्या होत्या. ठाण्यात जाऊन परत आलेल्या बाईसाठी पुढे काय, याबद्दल त्या कलमात एक शब्दही नाही.

सुमारे दोन आठवडे आधी

जुलै २००४ अखेरचे दिवस. टोळी एका शेजाऱ्याच्या घरात शिरली, पैसे मागितले, सामानाची मोडतोड केली, धमक्या दिल्या. शेजाऱ्यांची तक्रार द्यायची हिंमत झाली नाही.

त्याच गल्लीत उषा नारायणे राहायची. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली, वयाच्या पंचविशीतली. वस्तीत इतकी शिकलेली घरं मोजकी. नोकरीसाठी बाहेर पडायची तिची तयारी होती. तिने तक्रार दिली आणि ठाण्याला वळसा घालून थेट पोलीस उपायुक्तांपर्यंत नेली.

या सगळ्या हकिकतीत यंत्रणेच्या वरच्या पायरीपर्यंत पोचलेलं हे पहिलं ठोस पाऊल होतं. तक्रार झाली, ही बातमी टोळीला कळली.

त्या रात्री

सुमारे चाळीस माणसं उषाच्या घराभोवती जमली. अक्कू यादवच्या हातात ॲसिडची बाटली होती. तक्रार मागे घे, असं तो बाहेरून ओरडत होता. तिने दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. येतो, असं उत्तर मिळालं. तिने नंतर सांगितल्याप्रमाणे, कुणी आलं नाही.

घरात हत्यार नव्हतं. होता तो स्वयंपाकाचा गॅस. तिने सिलिंडरची चावी उघडली, काडेपेटी हातात घेतली आणि ओरडून सांगितलं : दार फोडलंत तर काडी ओढीन, मीही जाईन, तुम्हीही जाल. घरात गॅसचा वास भरू लागला. बाहेरची माणसं मागे सरकली.

काडी ओढली असती तर? ॲसिड घेऊन आलेला जमाव, फोन करूनही न आलेले पोलीस, पळायला वाट नाही. खासगी बचावाची प्रत्येक अट इथे पूर्ण होत होती. ॲसिड हल्ल्याचा उल्लेख कलम १०० मध्ये २०१३ साली आला. २००४ मध्ये त्याची गणती जबर दुखापतीत झाली असती आणि उत्तर तेच आलं असतं. कलम १०६ तर याहून पुढे जातं. प्राणघातक हल्ला परतवताना निरपराध माणसाला धोका पोचण्याखेरीज दुसरा मार्गच उरला नसेल, तर तो धोका पत्करायचीही ते मुभा देतं.

तेवढ्यात शेजारच्या घरांमधून दगड आले. आधी थोडे, मग बरेच. वस्तीने टोळीवर हात उचलल्याची ही पहिली वेळ. चाळीस माणसं पळाली.

ती रात्र कुणाचाही जीव न जाता संपली. त्या रात्री एखाद्याच्या दगडाने टोळीतला कुणी मेला असता, तर कायदा दगड मारणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला असता. तेरा ऑगस्टच्या दुपारी तोच कायदा वस्तीच्या बाजूने उभा राहणार नव्हता.

सात दिवस आधी : शुक्रवार, ६ ऑगस्ट

शेकडो लोक अक्कू यादवच्या घरावर चालून गेले. घर उद्ध्वस्त केलं. तो घरात नव्हता.

कायद्याच्या हिशेबात हा बचाव नव्हता. समोर हल्ला नव्हता, ताबडतोबीचा धोका नव्हता. पण पोलिसांना दिलेला याहून स्पष्ट इशारा असूच शकत नाही. वस्ती भीतीच्या पलीकडे गेली होती. पुढच्या आठवड्यात हा माणूस आणि ही वस्ती एका छताखाली आली तर काय होईल, हे ओळखायला सहा ऑगस्टचा दिवस पुरेसा होता.

सहा दिवस आधी : शनिवार, ७ ऑगस्ट

अक्कू यादव पोलिसांच्या ताब्यात गेला. वस्तीच्या समजुतीप्रमाणे तो आपण होऊन, जीव वाचवायला गेला. रस्त्यापेक्षा कोठडी त्याला सुरक्षित होती.

या तारखेपासून कायद्याची बाजू बदलली. आरोपी कोठडीत, पोलिसांच्या पहाऱ्यात. त्याच्यापासून वस्तीला ताबडतोबीचा धोका नाही, असं कायदा धरून चालणार. वस्ती तसं धरून चालू शकत नव्हती. तो वारंवार आत गेला होता आणि दर वेळी बाहेर आला होता.

त्या आठवड्यात

आरोपीला न्यायालयात आणलं तेव्हा वस्तीतली शेकडो माणसं बाहेर जमली. एका साथीदाराने घोंगडीत गुंडाळलेले चाकू त्याच्याकडे पोचवण्याचा प्रयत्न केला. बायकांनी ते पाहिलं आणि आरडाओरडा केला. तेव्हा कुठे साथीदाराला पकडण्यात आलं. परत नेताना आरोपीने धमकी दिली : बाहेर येतो, मग एकेकीला पाहून घेतो.

दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. न्यायालयाच्या आवारात आरोपीपर्यंत चाकू पोचण्याच्या बेतात होते. आणि वस्तीतली माणसं शेकड्यांनी न्यायालयात येतात, हे आता पोलिसांना माहीत होतं. पुढच्या तारखेला आरोपीसोबत किती शिपाई द्यायचे, दारात झडती घ्यायची का, गर्दी आत सोडायची का, याचे निर्णय घ्यायला हातात अजून काही दिवस होते.

शुक्रवार, १३ ऑगस्ट : सकाळ

स्वातंत्र्यदिनाला दोन दिवस. वस्तीत बातमी फिरली होती की आज त्याला जामीन मिळणार. बातमी खरी की खोटी, हे तपासायची सोय वस्तीकडे नव्हती. होता तो जुना अनुभव.

उषा नारायणे त्या दिवशी न्यायालयात गेली नाही. अक्कू यादवविरुद्धच्या अर्जासाठी ती वस्तीत घरोघर सह्या गोळा करत होती.

दुपारी, दोननंतर

बायका न्यायालयात पोचू लागल्या. भाजी चिरायच्या सुऱ्या पदराआड, पिशव्यांत. तिखटाची पूड. शस्त्र अधिनियम, १९५९ मधून निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापराच्या वस्तू वगळलेल्या आहेत. स्वयंपाकघरातली सुरी बाळगणाऱ्या बाईला कुणी शस्त्रधारी म्हणत नाही. दारात कुणी झडती घेतली नाही.

तीनच्या सुमारास

अक्कू यादवला आणलं. सोबत दोन-तीन पोलीस.

त्याने एका बाईला ओळखलं. तिने पूर्वी त्याच्यावर बलात्काराचा आरोप केला होता. बायकांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार, तो तिला वेश्या म्हणाला आणि पुन्हा तेच करीन अशी धमकी दिली. सोबतचे पोलीस हसले, असंही त्या सांगतात. ती बाई पुढे झाली, पायातली चप्पल काढली आणि त्याला मारू लागली. या जगात एक तर तू राहशील नाहीतर मी, अशा अर्थाचं ती ओरडत होती.

इथे घड्याळ थांबवायला हवं. धमकी बलात्काराची होती. कलम १०२ प्रमाणे धमकीतूनही वाजवी भीती निर्माण होते आणि हक्क सुरू होऊ शकतो. पण धमकी देणारा माणूस पोलिसांच्या मध्ये उभा होता, न्यायालयाच्या छताखाली. धमकी आज, या मिनिटाला खरी करणं त्याच्या हातात नव्हतं. कायदा भीती मोजताना पुढची पाच मिनिटं पाहतो. त्या बाईने मागची दहा वर्षं पाहिली होती.

अजूनही उशीर झाला नव्हता. आरोपीला मागे ओढून बाहेर नेणं, दार लावणं, जादा कुमक मागवणं, यातलं काहीही एका मिनिटात सुरू करता आलं असतं.

पुढची पंधरा मिनिटं

पोलिसांच्या डोळ्यांत तिखट गेलं. मुठीने फेकलेली पूड डोळ्यांत गेली की माणूस आधी डोळे धरतो. हातातलं बाकी सगळं सुटतं. पोलीस बाजूला झाले. आरोपीभोवती कडं पडलं.

त्याच्या तोंडावरही तिखट आलं, मग दगड, मग सुऱ्या. तो माफी मागत होता, पुन्हा असं करणार नाही म्हणत होता, असं काहींनी सांगितलं. त्याच्या लिंगावरही वार झाला. शवविच्छेदनात सत्तरहून अधिक वार मोजले गेले. न्यायालयाच्या पांढऱ्या फरशीवर तो मेला.

एका वारात हल्ला थांबत असेल तर दुसरा वार बचाव राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे की जीव मुठीत धरलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून वार करावेत, अशी अपेक्षा धरता येत नाही. २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात ही तत्त्वं एकत्र मांडली गेली. पण ती सवलत हल्ला चालू असतानाची. ताब्यातल्या माणसावर सत्तर वार, हे कुठल्याही तराजूत बचावाच्या पारड्यात बसत नाहीत.

त्या संध्याकाळी आणि पुढे

बायका वस्तीत परतल्या. कस्तुरबानगरात मिठाई वाटली गेली. पोलिसांनी पाच बायकांना अटक केली. लगेच शेकडो बायका पुढे आल्या : आम्हा सगळ्यांना अटक करा, आम्ही सगळ्यांनी मारलं. निदर्शनं झाली, त्या पाच जणी सुटल्या.

शंभराहून अधिक वकिलांनी जाहीर केलं की या बायकांना आरोपी नव्हे, पीडित मानलं पाहिजे. निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनी जाहीरपणे म्हटलं की बायकांनी वारंवार संरक्षण मागितलं, पोलिसांनी ते दिलं नाही, आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता. उषा नारायणेवरही गुन्हा दाखल झाला, ती त्या दिवशी न्यायालयात नसताना.

दहा वर्षांनंतर : नोव्हेंबर २०१४

खटला उभा राहिला तेव्हा आरोपी होते २१. निकालापर्यंत तिघांचा मृत्यू झालेला होता. उरलेल्या सगळ्यांना न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष सोडलं.

निकालाचं कारण महत्त्वाचं आहे. न्यायालयाने या हत्येला बचाव म्हटलं नाही. कुणी कुठला वार केला, हे सिद्ध झालं नाही, म्हणून सुटका झाली. एखाद्या नागरिकाने दुसऱ्याच्या रक्षणासाठी जीव घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षांनी लागलेल्या निकालातून निघालंच नाही. या घटनेवर पुढे चित्रपट आला, मालिका आली. प्रश्न तिथेच राहिला.

१ जून २००६, पहाटे चारच्या सुमारास : महाल

तुलनेसाठी याच शहरातली एक वेगळी पहाट. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार, लाल दिव्याची पांढरी ॲम्बेसेडर महालातल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाकडे निघाली होती. आत तीन सशस्त्र माणसं. गस्तीवरच्या पोलिसांना संशय आला, त्यांनी पाठलाग केला. चकमकीत तिघेही ठार झाले. गाडीतून बंदुका, हातबॉम्ब आणि स्फोटकं मिळाल्याचं सांगण्यात आलं.

पहाटे चार वाजता पोलीस तिथे होते, कारण तिथे असायचं हे आधीच ठरलेलं होतं. कुठल्या दारासमोर पहारा ठेवायचा आणि कुठल्या वस्तीतल्या फोनला नुसतं ‘येतो’ म्हणायचं, हा निर्णय घटनेच्या कितीतरी आधी होतो. महालात त्या पहाटे कुणा नागरिकाला सुरी उचलावी लागली नाही. कस्तुरबानगरात सिलिंडरची चावी उघडावी लागली.

१ जुलै २०१८, रविवार : राईनपाडा

आता प्रश्नाची दुसरी बाजू. धुळे जिल्हा, साक्री तालुका. बाजाराचा दिवस. बाहेरून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं एसटीतून उतरली. समाजमाध्यमांवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा अनेक दिवस फिरत होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला, असा संशय घेतला गेला. गर्दीने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबलं आणि मारत राहिली. पाचही जण मेले. ते भिक्षुकी करून पोट भरणारे होते.

मारणाऱ्या गर्दीला वाटत होतं की आपण गावातली लेकरं वाचवतो आहोत. हेतू दुसऱ्याच्या रक्षणाचा, असं तेही म्हणू शकले असते. पण खोलीत बंद केलेली माणसं कुणालाही पळवून नेऊ शकत नव्हती. धोका खोटा होता, आणि खरा असता तरी दार लागल्यावर संपला होता.

दोन घटना शेजारी ठेवल्या की कलम ९९ आणि १०२ ची रेषा का पुसता येत नाही, ते दिसतं. कक्ष क्रमांक सातमध्ये गर्दीला जे ठाऊक होतं, ते सोसून कळलेलं होतं. राईनपाड्यात गर्दीला जे ठाऊक होतं, ते खोटं होतं. गर्दीतल्या माणसाला मात्र आतून दोन्ही सारखंच खरं वाटतं. ताब्यातल्या माणसाला मारायची मुभा एका गर्दीला दिली, तर ती दुसरीलाही मिळते. म्हणून ताबडतोबीचा धोका, पोलीस मिळण्याची शक्यता नाही, गरजेपुरतंच बळ, या तीन अटी हव्यातच. त्या पाळून शेजारणीसाठी सुरी उचलणारा माणूस निर्दोष आहे, आणि समाजाने त्याच्या मागे उभं राहायला हवं.

पण ही रेषा नागरिकाने पाळावी असं म्हणायचं असेल, तर रेषेच्या दुसऱ्या बाजूला पोलीस उभे हवेत. कलम ९९ हा करार आहे : तू हत्यार खाली ठेव, मी येतो. कस्तुरबानगरात हा करार वर्षानुवर्षं एकाच बाजूने पाळला गेला. १३ ऑगस्टला बायकांनी रेषा ओलांडली. त्याआधी तीच रेषा कितीतरी वेळा शासनाने ओलांडली होती, आणि त्याचा हिशेब कुठल्याही खटल्यात झाला नाही.

आज

खासगी बचावाची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. अटी त्याच आहेत.

बदल दुसरीकडे झाला आहे. २०१३ पासून बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो. किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. नव्या संहितेत हे कलम १९९ आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलं. हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. ठाण्याने नकार दिला तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी कळवता येतं, तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. २००४ साली यातला शिक्षेचा धाक नव्हता.

तुमच्या गल्लीत कुणी पहिल्यांदा तक्रार द्यायला निघाली, तर तिच्यासोबत ठाण्यात जा. तक्रार लेखी द्या, खबरीची प्रत मागा, नकार मिळाला तर अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. पहिल्या तक्रारीच्या वेळी चार माणसं सोबत उभी राहिली, तर शेवटच्या दिवशी दोनशेंना सुऱ्या घेऊन जावं लागत नाही.